डोंगरयादीचा धनी

मनोहर, तुझ्या शोकसभेला मी गेलो होतो आणि शेवटपर्यंत बसलो होतो. तू सुटलास, तुला बसावं लागलं नाही.

चौघे बोलले आणि चौघेही स्वतःबद्दल बोलले. दर रविवारी पोहऱ्याच्या टेकडीवर दोन-दोन घडीच्या काठ्या घेऊन जाणारा तो डॉक्टर म्हणाला, की तुझ्या यादीनं त्याला आतला डोंगर दाखवला. बाहेरचा अजून त्याला दिसायचा आहे, कारण पार्किंगपासून अर्ध्या तासाच्या पुढे तो कधी गेलेला नाही. दुसऱ्यानं तुला सातपुड्याचा ऋषी केलं. परतवाड्याच्या गाडीत खिडकीच्या जागेसाठी एका म्हातारीशी बडनेऱ्यापासून भांडणारा ऋषी मी पाहिला आहे, म्हणून मी खाली बघत राहिलो. तिसऱ्यानं स्वतःची कविता वाचली. चौथ्याचं भाषण संपल्यावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग आपण शोकसभेत आहोत हे आठवून तो थांबला. तुझ्या फोटोत तू टोपी घातली होतीस. टोपीशिवाय तू डोंगरात चौदा वर्षं हिंडलास, पण फोटोसाठी कुठल्यातरी स्टुडिओवाल्यानं ती चढवली असणार.

नंतर चहाच्या वेळी ते चौघे आणि आणखी एक जण, अशी पाच जणांची समिती माझ्याभोवती जमली. तुझ्या सगळ्या याद्यांचं पुस्तक काढायचं ठरलं आहे, मुखपृष्ठावर तोच टोपीवाला फोटो, आणि प्रस्तावना मी लिहायची, कारण मी तुझा सगळ्यात जुना मित्र. गेलं दीड वर्ष आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो, हे त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. हो म्हणालो.

तुला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्या लोकांसाठी सांगतो. मनोहर अमरावतीच्या एका शाळेत भूगोल शिकवायचा. दर दिवाळीला तो एक पानाची यादी काढायचा, 'डोंगरयादी'. डोंगर, जंगल, भटकंती यांवरची वाचावी अशी पुस्तकं. प्रत्येकापुढे एका ओळीचं मत आणि काठ्या. एक काठी म्हणजे वाचलं तर वाचा, पाच काठ्या म्हणजे उपाशी राहा पण वाचा. सुरुवातीला झेरॉक्स काढून वाटायचा, मग मोबाइल आल्यावर ती यादी पुण्या-नाशिकच्या गिर्यारोहकांपर्यंत जाऊ लागली, आणि सह्याद्रीवाले लोक वऱ्हाडातल्या मास्तरला विचारू लागले, सर, यंदा काय वाचावं. त्या दिवसापासून तू फोन उचलताना घसा खाकरायला लागलास.

पहिल्या पंधरा-सोळा वर्षांच्या याद्या मी काल पुन्हा काढून वाचल्या. भिकार आहेत रे. तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगतो. सगळी बर्फाची पुस्तकं. एक माणूस वर जातो, पायाची चार बोटं गमावून खाली येतो, आणि आयुष्याचा अर्थ कळला असं शेवटच्या प्रकरणात लिहितो. पाच काठ्या. दुसरा माणूस वर जातो, खालीच येत नाही, त्याचा मित्र पुस्तक लिहितो. पाच काठ्या. अमरावतीच्या मे महिन्यात तू कूलरसमोर बनियनवर बसायचास, पाठीला घामोळं फुटलेलं, आणि हातात हिमदंशाचं पुस्तक. मी म्हणायचो, मनोहर, निदान उन्हानं मरणाऱ्या माणसाचं एखादं वाच, उपयोगी पडेल. तू नाकानं कांदे सोलत म्हणायचास, की मैदानातल्या माणसाला उंची कळत नाही. म्हणजे तू दर्यापूरकडचा, जिथे शेताच्या धुऱ्यावर उभं राहिलं की तेवढाच काय तो चढ.

आपली ओळखही या पुस्तकांमुळेच झाली. मी तेव्हा अकोल्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. तुला हवी ती पुस्तकं अमरावतीत मिळत नव्हती, आणि मला भांडायला माणूस मिळत नव्हता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी अकोल्याहून मूर्तिजापूरला यायचो, तू बडनेऱ्याहून. फलाटाच्या टोकाच्या बाकावर आपण पिशव्या बदलायचो. तुझ्या पिशवीत वाचलेली, माझ्या पिशवीत नवी. मग चहा, मग आलुबोंडा, मग भांडण, मग आपापली गाडी. स्टेशनवरच्या हमालांना वाटायचं हे दोघं काही चोरीच्या मालाचा धंदा करतात. तू माझ्या वाचनालयाची पुस्तकं पेन्सिलीनं दुरुस्त करायचास, हे मी कधीही माफ केलं नाही. छपाईची चूक दिसली की समासात काट. उंची मीटरमध्ये चुकली की काट. एकदा तर लेखक पाण्याची बाटली विसरला म्हणून तू समासात 'मूर्ख' लिहिलं होतंस. त्या पानाला मी रबरानं घासून घासून भोक पाडलं.

आणि दरवर्षी जानेवारीत आपण तीन दिवस डोंगरात जायचो. कधी नरनाळा, कधी चिखलदऱ्याची चढण, परवानगीचे कागद काढून, रीतसर. नरनाळ्याच्या पायथ्याच्या गावातला एक कोरकू आदिवासी दरवर्षी आपल्यासोबत असायचा. शिधा, अंथरूण, पाणी, आणि तुझ्या पुस्तकांचं पोतं, सगळं त्याच्या कावडीवर. हो, पोतं. कारण तुझा नियम होता, की डोंगराचं पुस्तक डोंगरावर वाचल्याशिवाय काठ्या द्यायच्या नाहीत. आपण हात हलवत पुढे चालायचो आणि वर जाऊन वारा खात बसायचो. मागून तो यायचा, कावड उतरवायचा आणि चूल पेटवायचा. आपण त्याला मामा म्हणायचो. आपल्यापेक्षा तो चार-पाच वर्षांनी लहानच असेल, तरी मामा.

आपलं मोठं भांडण एकच होतं, तेही तुझ्या यादीचंच. हिमालय आहे, सह्याद्री आहे, कुठली कुठली परदेशी शिखरं आहेत, आणि सातपुडा नाही. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली की तुझ्या गावच्या घराच्या गच्चीवरून निळा दिसणारा डोंगर तुझ्या यादीत नाही. तू म्हणायचास, "चांगलं पुस्तक नाही म्हणून नाही. इतकी खाज आहे तर तू लिही ना लेका." मूर्तिजापूरच्या बाकावर हे वाक्य मी निदान दहा वेळा ऐकलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तुला तर छापलेलेच साजरे वाटायचे.

मग तुझं येणं बंद झालं. गुडघा, म्हणालास. डोंगरही बंद, मूर्तिजापूरही बंद. पुस्तकं जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती पाठवू लागलो. आणि एक चमत्कार झाला, पुस्तकं स्वच्छ परत येऊ लागली. पेन्सिलीची एक काट नाही. मी घरी म्हटलं, म्हातारपणी का होईना, मनोहरला अक्कल आली. त्याऐवजी पानांच्या कोपऱ्यांवर हळदीची बोटं दिसू लागली, तेव्हा मी तुला चिठ्ठी पाठवली, की जेवताना वाचायची सवय सोड, हे वाचनालय आहे, खानावळ नाही. तू उत्तर दिलं नाहीस. मला वाटलं लाजलास.

आणि याद्या बदलल्या. हे मला आज कबूल करायचं आहे, कारण तुला आयुष्यात मी एकदाच शाबासकी दिली ती याच गोष्टीसाठी. बर्फ गेला. पायाची बोटं गेली. इंग्रजी पुस्तकं गेली, सगळी मराठी किंवा मराठीत आलेली. मला वाटलं मिजास उतरली. काठ्या कमी आणि मोजून. एका ओळीची मतंही बदलली. पूर्वी तू 'थरारक', 'अवश्य वाचावे' असलं काहीबाही लिहायचास. आता लिहिलेलं असायचं, 'हा माणूस पावसात थांबतो तेव्हा सोबत्यांनाही थांबवतो.' किंवा, 'वर्णन चांगलं आहे, पण याच्यासोबत कोणी जाऊ नये.' मी ते वाचून अकोल्यात खुर्चीतून उठलो. तुला फोन केला आणि म्हटलं, मनोहर, अठरा वर्षांत पहिल्यांदा तुझी यादी वाचण्यासारखी झाली आहे, आता तुला पुस्तक कळायला लागलं. तू पलीकडे घसा खाकरलास. मग म्हणालास, "बरं. ठेवतो." मला वाटलं गहिवरलास. मी एवढा गाढव.

त्याच उत्साहात मी लिहिलं. आपल्या चौदा जानेवाऱ्यांचं, सातपुड्याचं पुस्तक. दोन वर्षं लागली. दीडशे पानं, स्वच्छ टाइप करून, सुतळीनं बांधून चार वर्षांपूर्वी दिवाळीत तुझ्या हातात दिली. तू ती मांडीवर ठेवून थोपटलीस, जसं लहान पोराला थोपटतात. आणि मग काही नाही. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. तुझ्या यादीत कुठल्या कुठल्या टुकार पुस्तकांना एक काठी का होईना मिळत होती, आणि माझ्या हस्तलिखितावर तू एक शब्द बोलत नव्हतास. छापलेलं नाही म्हणून यादीत नको घालू, पण मला तर सांग. वाईट आहे म्हण. मी विचारलं की तू हवा-पाण्यावर यायचास. शेवटी दीड वर्षापूर्वी मी फोनवर तुला सरळ सांगितलं, की तू उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस आहेस, दुसऱ्याच्या पुस्तकांना काठ्या वाटण्यात तुझा जन्म गेला, स्वतः चार ओळी लिहिल्या नाहीस आणि मित्रानं लिहिलं तर पोटात दुखतं. तू म्हणालास, "अशोक, तसं नाही." मी फोन ठेवला. ते आपलं शेवटचं बोलणं.

यंदाची यादी दिवाळीला आली. दहा दिवसांनी तू गेलास. मी त्या दिवशी अकोल्यात पेरू विकत घेत होतो. फोन आला, ऐकलं, आणि पेरू निवडत राहिलो. घरी येऊन पाहिलं तर सगळे कच्चे उचलले होते.

तेरवी झाल्यावर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, प्रस्तावनेसाठी तुझे जुने कागद पाहायला मी तुझ्या घरी गेलो. विमल वैनी मागच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला समोर पाट दिला, एक ओंजळ शेंगा माझ्यापुढेही टाकल्या. मी समितीचं सांगितलं. तुझी दृष्टी, तुझी पारख, शेवटच्या सहा याद्या किती थोर, ते सगळं शोकसभेत ऐकलेलंच मी त्यांच्यापुढे ओतलं. त्या सोलत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं, इतक्या साध्या आवाजात, की मला वाटलं भाजीचं बोलत आहेत.

"भाऊजी, यायले सात वर्षांपासून वाचताच येत नव्हतं. शुगरनं डोळ्याचे पडदे गेले होते. मधातलं काहीच दिसे ना. मी वाचून दाखवत होती."

गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. पायवाट दिसत नव्हती, म्हणून डोंगर बंद, आणि फलाटाची कड दिसत नव्हती, म्हणून मूर्तिजापूर बंद. कोणाला सांगायचं नाही अशी तू त्यांना शपथ घातली होतीस, कारण डोंगरयादीचा मास्तर आंधळा म्हटला तर पुणेवाले काय म्हणतील. पहिल्या वर्षी त्या नुसत्या वाचायच्या आणि काठ्या तू सांगायचास. त्या म्हणायच्या, हे पुस्तक चांगलं नाही. तू म्हणायचास, तुला काय कळतं. दुसऱ्या वर्षी तू थकलास आणि म्हणालास, मग तूच दे. त्यानंतरच्या सगळ्या काठ्या त्यांच्या, सगळी मतं त्यांची. हळदीची बोटंही त्यांचीच. स्वयंपाक करता करता वाचायच्या. माझी ती खानावळीची चिठ्ठी त्यांनीच तुला वाचून दाखवली होती. म्हणाल्या, तू तेव्हा खूप हसला होतास.

मी कावराबावरा झालो. मोर्शीच्या संत्र्यांच्या बगीच्यातली, दहावी शिकलेली बाई, आयुष्यात चिखलदऱ्याला एकदा मोटारीतून गेलेली, आणि तिच्या काठ्यांवर पुण्याची माणसं पुस्तकं विकत घेत होती. मी विचारलं, वैनी, तुम्ही ठरवायच्या कशावरून. त्या म्हणाल्या, सगळ्या पुस्तकांत तेच असतं, माणूस वर जाते, खाली येते आणि आपण शहाणे झालो म्हणते. म्हणून त्या एकच गोष्ट पाहायच्या. याचं ओझं ज्यानं उचललं त्याचं नाव यानं लिहिलं का.

"नाव नसलं तर मी दोन काठ्यांच्या वर जातच नव्हती. माह्या बाबाच्या बगीच्यात संत्रं तोडाले येत, टोपलं डोक्यावर घेत, त्यायची नावं मले अजून पाठ आहेत. ज्यानं तुमची भाकर डोंगरावर नेली त्याचं नाव तुमाले माहीत नाही, आन् सूर्योदयावर चार पानं?"

मनोहर, हे ऐकलं आणि तू का गप्प होतास ते मला कळलं. तरी विचारलं. माझं हस्तलिखित वाचलं का. वाचलं, म्हणाल्या. पंधरा दिवस रोज संध्याकाळी वाचलं. यायले लय आवडलं. जागोजागी थांबवून म्हणत, हे असंच झालं होतं. मग शेवटच्या पानावर त्यांनी तुला विचारलं, की यात सगळीकडे 'आमचा वाटाड्या' आणि 'मामा' आहे, त्याचं नाव काय होतं.

तू म्हणालास, आठवत नाही. मग म्हणालास, कधी विचारलंच नाही. आणि मग तू त्यांना तुझ्या सगळ्या वह्या काढायला लावल्यास, चौदा वर्षांच्या. कोणत्या झाडावर कोणता पक्षी, कोणत्या ओढ्याला किती पाणी, कोणत्या पुस्तकाला किती काठ्या, सगळं होतं. त्याचं नाव कुठेच नव्हतं. मला नापास करायचं तर स्वतःला आधी करावं लागणार होतं, आणि ते तुला फोनवर सांगता येईना. म्हणून तू अडीच वर्षं हवा-पाणी सांगत राहिलास. तसं नाही, असं तू म्हणाला होतास, ते खरंच होतं. मित्रा, ते वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. तुझं मला काही देणं राहिलं नाही, माझंच तुला देणं राहून गेलं आहे.

पण तुझाही मला राग आहे, तो जात नाही. नोकरीभर तू मुलांना नद्यांची नावं पाठ करायला लावलीस. मी तीस वर्षं पुस्तकांवर नावांची लेबलं चिकटवली. नावाशिवाय आपल्या दोघांच्या पोटात भाकर गेली नाही. आणि ज्याच्या कावडीवर आपण तीन-तीन दिवस जगलो त्याला आपण मामा म्हणालो, वर पुन्हा ते आपल्याला प्रेमाचं वाटलं. डॉक्टरला मी हसलो. तो निदान स्वतःच्या काठ्या स्वतः उचलतो.

समितीला मी सांगितलं की शेवटच्या सहा याद्यांवर विमल वैनींचं नाव घाला. कवी म्हणाला, सरांची प्रतिमा. डॉक्टर म्हणाला, भावना समजतो, पण वाचकांचा गोंधळ होईल. मी म्हटलं, मग प्रस्तावना नाही. हे भांडण मी वैनींच्या कानावर घातलं, तर त्या माझ्यावरच उखडल्या. "माहं नाव कुठी पळून नाही चाललं. अगोदर त्याचं आना."

म्हणून गेल्या मंगळवारी मी अकोटवरून गाडी धरली. पायथ्याच्या गावात उतरलो. वाटेत पहिल्या दुकानात विचारलं असतं तर कोणीही नाव सांगितलं असतं. पण दुकानदाराकडून नाव घेऊन त्याच्यापुढे जायची मला लाज वाटली. फक्त घर विचारलं, कावडवाले मामा, मास्तरसोबत जायचे ते.

तो अंगणात बसून दोरी वळत होता. मला ओळखलं. म्हणाला, या सायब. खाट टाकली, काळा चहा आला. पहिला प्रश्न तुझा. मास्तर नाही आले? मी सांगितलं. त्यानं दोरी खाली ठेवली आणि तुझं नाव घेतलं, तुझं, तुझ्या वडिलांचं, आडनावासकट, आणि तुझं दर्यापूरकडचं गावही. एका जानेवारीत थंडीनं तुला ताप आला होता, तेव्हा चुलीपाशी बसून रात्रभर तू त्याला तुझ्या घरचं सांगत होतास म्हणे. मी तेव्हा झोपलो होतो. मग तो म्हणाला, तुमचं नाव मात्र मले कधी ठाव नव्हतं, तुमी सांगतलं नाही. मी माझं नाव सांगितलं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, चौदा वर्षं ज्याच्या हातची भाकर खाल्ली त्याला.

मग मी त्याचं विचारलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. विचारलं, इतक्या वर्षांनी आता कावून? मी पुस्तकाचं सांगितलं, दीडशे पानं, त्यात तुमचं नाव हवं. सांगताना मी खिशातून वही आणि पेन काढलं होतं. त्यानं पेनाकडे पाहिलं.

"मंग नको," तो म्हणाला. "आमी वरच्या गावचे. एक डाव जंगलखात्यानं आमची नावं अशीच लिहून नेली होती. मंग गावच उठलं, इकडे खाली आलं. कागदावर नको."

मी वही खिशात घातली.  चहा थंड झाला होता, तरी प्यायलो. जायला उठलो तेव्हा तो फाटकापर्यंत आला आणि तिथे, माझ्याकडे न बघता, त्यानं नाव सांगितलं. नाव, बापाचं नाव, आणि आता नकाशावर नसलेल्या त्या वरच्या गावाचं नाव. म्हणाला, तुमाले सांगतलं, वहीले नाही.

परतीची गाडी दीड तास आली नाही. त्या फाट्यावर उभा राहून मी तुझ्यासाठी पहिल्यांदा रडलो. शोकसभेत जमलं नव्हतं, तेरवीला जमलं नव्हतं. येणारे-जाणारे पाहत होते, पाहू दे.

माझं पुस्तक आता छापलं जाणार नाही. नाव घातलं तर त्याचा शब्द मोडतो, नाही घातलं तर वैनी दोन काठ्यांच्या वर जाणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. समितीला प्रस्तावना हवी असेल तर ती हीच, आणि विमल वैनींच्या नावासकट. नको असेल तर कवीनं लिहावी.

आज गुरुवार. रविवारी सकाळच्या गाडीनं मी अमरावतीला येतो आहे. वैनींना सांगून ठेवलं आहे. तुझा तो टोपीवाला फोटो उतरवून समोर ठेवू, दार लावून घेऊ, आणि मी ते नाव एकदा मोठ्यानं उच्चारीन. नीट ऐक. मी दुसऱ्यांदा सांगणार नाही, आणि लिहून तर नाहीच.